इस्त्री न फिरवलेला चेहरा

लालबागला दादाच्या नव्या घरी सोफ्याच्या वरच्या भिंतीवर आमचं सगळं घराणं टांगलेलं आहे. काचेच्या फ्रेममध्ये पांढरं कापड, त्यावर नऊ माणसं. चेहरे फॅब्रिक कलरने रंगवलेले. केस, साड्या, टोप्या, दागिने सुईदोऱ्याने भरलेले. जे गेले त्यांच्या गळ्यात झेंडूचे हार, तेही भरतकामाचे. येणारा माणूस आधी लांबून वाहवा करतो. मग जवळ जातो. मग विचारतोच, की आठ चेहरे रंगाचे आणि ही एकच बाई पूर्ण धाग्याची कशी?

ती बाई म्हणजे माझी वहिनी.

आई होती तोवर उत्तर द्यायचा मान आईचा. "हिणाच धुतल्यान, नि सोताचाच तोंड घालवल्यान. देवान दाखवल्यान," असं ती मालवणीत सांगायची, वहिनीने आणून दिलेल्या चहाची बशी हातात धरून, वहिनी समोर उभी असताना. पाहुणे ओशाळं हसायचे. मी आईच्या शेजारी बसलेली असायचे. तेरा वर्षं मी ते वाक्य ऐकलं. चहा प्यायले, खारी खाल्ली, निघून आले.

तो चेहरा वहिनीने घालवला नव्हता. मी घालवला होता, आणि चुकून नाही.

मी फार बोलणारी बाई नाही. शाळेत चित्रकला शिकवते, तिथेही फळ्यावर काढून दाखवते, सांगत बसत नाही. लग्न केलं नाही. गप्प माणसाला लोक भला समजतात, हा माझा आयुष्यभराचा फायदा. म्हणून आता जे लिहिते आहे ते सावकाश, पण न गाळता लिहिते.

दादाने लग्न केलं ते नायगावच्या बीडीडी चाळीतल्या मुलीशी. बौद्ध. आम्ही कोकणातले मराठे, बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. आईने आदळआपट केली नाही. तिने फक्त पाण्याची कळशी मोरीजवळून उचलून देव्हाऱ्याखाली नेली आणि देव्हाऱ्याला एक पडदा शिवला. वहिनीने माहेरून आणलेली निळ्या कोटातली तसबीर दादाने दाराच्या आतल्या बाजूला लावली. आई दार उघडंच ठेवायची, म्हणजे तसबीर दाराच्या पाठीमागे जायची. दिवसातून चार वेळा वहिनी दार लोटायची, चार वेळा आई उघडायची. आमचं चाळीतलं एका खोलीचं घर. हे युद्ध आवाज न करता चालायचं.

आणि मी? मी शिकलेली. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी म्हणायचे, आमच्याकडे बाई असलं काही मानत नाहीत, आमची वहिनीच बघा ना. वहिनीला मी असं दाखला म्हणून वापरलं. घरी आल्यावर मात्र मीही पाणी त्याच कळशीतून घ्यायचे, देव्हाऱ्याखालच्या. कधी स्वतःला विचारलं नाही की माठातलं का घेत नाहीस, जे वहिनी भरते.

चित्राची कल्पना दादाची. आईची जुनी तक्रार होती की आमच्या घराण्याचा एकही एकत्र फोटो नाही. आजोबांचा फोटो गिरणीच्या पासावरचा, आजीचा गावच्या जत्रेतला, बाबांचा एकच आणि तोही कुणाच्या तरी लग्नात पंगतीत बसलेला. माणसं वेगवेगळ्या काळात गेली, एकत्र आणणार कोण. दादा म्हणाला, कापडावर आणा. मी फॅब्रिक पेंटिंग करायचे, मे महिन्यात गिरगावात त्याचे वर्गही घ्यायचे. वहिनीचा भरतकामाचा हात असा, की तिची आई शिवडीच्या एका गोदामातून कामं आणायची आणि ही सहावीत असल्यापासून तिच्या बरोबरीने भरायची. दादाला वाटलं, एका कापडावर दोघी वाकल्या तर डोकी जवळ येतील. पुरुषांना असं वाटतं.

कापड बाबांच्या गिरणीचं होतं, ट्रंकेत घडी करून ठेवलेलं शेवटचं. आईने ते काढून दिलं आणि वहिनी मोरीत असताना मला हळूच म्हणाली, "तिका कित्याक घेतंस ह्येच्यात? माका तां तोंड भितीर नको."

मी म्हटलं, दादा ऐकणार नाही. एवढंच म्हटलं. "असं बोलू नकोस" हे मी म्हटलं नाही. पुढे जे झालं त्याचं बी आईने टाकलं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होते. पण जमीन तयार होती ती माझी.

मे महिन्यात आम्ही गॅलरीत चटई टाकून बसायला लागलो. आधी मी फोटोंवरून चेहऱ्यांचे आकार निळ्या कार्बनने कापडावर उतरवले. मग रंग. चेहरे झाले की बाकीचं वहिनीचं. ती सहा पदरी दोऱ्याचे दोन पदर वेगळे करून भरायची, अंबाडा भरला तर तो हाताला लागायचा. काम उत्तम करायची आणि तोंडही तेवढंच चालवायची. माझे चेहरे बघून म्हणाली, सगळे कॅलेंडरवरच्या देवांसारखे काय हसतायत, तुमच्या घरात कधी कोणी एवढं हसलेलं मी पाहिलं नाही. माझे केस भरताना तिने काळ्यात तीन पांढरे दोरे घातले. मी अडतीस वर्षांची होते.

"हे काय?" मी विचारलं.

"आहेत ते घातले. खोटं कशाला भरायचं?"

आजोबा, आजी, बाबा आणि काका गेलेले, म्हणून त्यांना हार घालायचं ठरलं. मी केशरी रंगाचा हात द्यायचा, त्यावर तिने गाठीच्या टाक्यांनी झेंडू उभा करायचा. जिवंतांना हार नाही. तो आमच्या चित्राचा नियम झाला.

मग वाटीचा दिवस आला. त्वचेचा रंग मी एका वाटीत कालवून ठेवला होता, गव्हाळ, त्यातून आठही चेहरे झाले. वहिनीचा चेहरा शेवटचा. त्या दिवशी मी दुसरी वाटी घेतली आणि तपकिरी रंग वेगळा कालवायला घेतला. ती समोर सुईत दोरा ओवत होती. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "माझी वाटी वेगळी का, ताई?"

"तुझा रंग वेगळा आहे म्हणून."

"तुमचा भाऊ माझ्याहून काळा आहे. तो कुठल्या वाटीतला?"

मी कापडाकडे बघितलं. दादा गव्हाळ होता. बाबा, जे भट्टीतल्या कोळशासारखे होते, तेही गव्हाळ होते. मी हात चालवताना डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. आपली माणसं एका वाटीत कालवली होती आणि ती एकटी दुसऱ्या वाटीत. चित्रकलेच्या बाईची ही चूक, आणि ती दाखवली कुणी, तर सुईत दोरा ओवणाऱ्या बाईने.

दोरा ओवला गेला. त्याला गाठ मारत ती म्हणाली, "आमच्या आज्याला गावच्या हॉटेलात कप वेगळा होता. तुमच्याकडे वाटी वेगळी. सुधारणा आहे."

ती हसलीसुद्धा. मला ते हसणं अजून ऐकू येतं. ती चिडली असती, रडली असती तर मी तिची समजूत काढली असती, मला स्वतःचं कौतुक वाटलं असतं. पण तिने मला बघितलं होतं. बरोबर जिथे बघायचं तिथे.

मी वेगळ्या वाटीतूनच तो चेहरा रंगवला. आणि तो नऊ चेहऱ्यांत सगळ्यात चांगला उतरला, हे सांगितलं पाहिजे. बाकीचे मी फोटोंवरून काढले होते, ही समोर बसली होती. डोळे असे आले की कुठूनही बघा, ते माझ्याकडे बघायचे. ते मला सहन होईना.

आता इस्त्री. फॅब्रिक कलर नुसता वाळला म्हणजे पक्का झाला असं नसतं. वाळल्यावर कापड उलटं करून, वर मलमलचा तुकडा ठेवून गरम इस्त्री फिरवावी लागते, तेव्हा तो धाग्यात बसतो. त्यात रंग पातळ असेल तर इस्त्री चुकवून चालतच नाही. वहिनीचा रंग मी पातळ केला होता. पाणी जास्त पडलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पहिल्या आठ चेहऱ्यांवर इस्त्री झालेली होती. नवव्यासाठी मी इस्त्री तापवली, कापड उलटं केलं, मलमलचा तुकडा ठेवला. आई आत मासे साफ करत होती. वहिनी खाली दुकानात गेली होती. मी इस्त्री हातात धरून उभी राहिले. मग ती परत उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं.

मला माहीत होतं की भरून झालं की वहिनी ते कापड धुणार. तिच्या आईची तशी शिस्त होती. कार्बनच्या निळ्या रेघा, हाताचा मळ, सगळं रिठ्याच्या पाण्यात काढल्याशिवाय काम बाहेर जायचं नाही. मला हे माहीत होतं. हे वाक्य मी दोनदा लिहिते आहे, कारण चौदा वर्षांत मी स्वतःशी सगळ्यात जास्त वेळा खोडलेलं वाक्य हेच आहे.

ती वर आली आणि तिने विचारलं, "सगळ्यांवर इस्त्री फिरली ना?"

"हो."

तिने तीन आठवडे स्वतःचं शरीर भरलं. साडी पांढरी घेतली, निळ्या काठाची, तिच्या लग्नातली. पांढऱ्या कापडावर पांढरा दोरा. समोरून बघितलं तर फक्त निळा काठ दिसायचा, उजेड बाजूने पडला की सगळी साडी उठून यायची. असलं काम मी परत कुठे पाहिलं नाही. आईने ते बघितलं आणि तिला एकच गोष्ट दिसली. "घोव जितो आसताना पांढऱ्या लुगड्यात?" वहिनी म्हणाली, "तुमच्यात पांढरं रडायचं असतं, आई. आमच्यात लग्नाचं." माझ्या शेजारी बसून ती तो काठ भरत होती, आणि वर तो चेहरा होता. रोज मी म्हणायचे, उद्या ती नसताना इस्त्री फिरवू. अजून वेळ गेलेली नाही. एकवीस दिवस मला रोज एक संधी होती.

रविवारी सकाळी तिने कापड मोरीत टबमध्ये भिजत घातलं. मी खाटेवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. एकही ओळ वाचत नव्हते. पाण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. मी उठून मोरीच्या दाराशी गेले. तिने कापड दोन्ही हातांनी वर धरलं होतं. आठ चेहरे जसेच्या तसे. नवव्या जागी अंबाडा, अंबाड्यात गजरा, खाली निळ्या काठाची साडी, आणि मध्ये अंड्याच्या आकाराचं पांढरं कापड. रिठ्याच्या फेसात तपकिरी पाणी गोल फिरत होतं.

तिने माझ्याकडे बघितलं. एक क्षण नाही, चांगलं निवांत बघितलं. मी म्हटलं, "फार घासलंस वाटतं."

एवढ्यात आई आली आणि तिने आपलं ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. तिने ते असं उच्चारलं की जणू कित्येक दिवस तोंडात तयार होतं. दुपारी दादा आला. त्याने कापड बघितलं, वहिनीकडे बघितलं, मग मला विचारलं, "तू इस्त्री केली होतीस ना सगळ्यांवर?" तो माझ्यावर संशय घेत नव्हता. मी त्याची धाकटी, कधी खोटं न बोललेली बहीण. त्याला फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"केली होती रे. हिने घासलं."

वहिनीने कापड पिळलं, झटकलं आणि गॅलरीत दोरीवर वाळत टाकलं. आतल्या बाजूला तोंड करून नाही, बाहेरच्या. चाळीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ती बिनतोंडाची बाई पाहिली. संध्याकाळपर्यंत चार दारांतून चौकशी झाली. आईने चारही दारांत उत्तर दिलं. मला वाटत होतं, काढ ते आत. ती काढत नव्हती. ती कुणाची लाज वाळत घालते आहे ते फक्त आम्हा दोघींना कळत होतं, पण हे मला तेव्हा नाही, फार उशिरा समजलं. तेव्हा मी समजत होते की तिला काहीच कळलेलं नाही.

नंतर तिने मला बोलावलं नाही. दादरला जाऊन तपकिरी रंगाच्या दोऱ्यांच्या अकरा छटा आणल्या. तांदळाच्या डब्याला हातातला आरसा टेकवून ठेवायची आणि दुपारी बघून बघून भरायची. एकेक टाका लांब, एकेक आखूड, त्वचा जशी वळते तसा. तीन महिने लागले. खाली रंग नाही, काही नाही, नुसता दोरा. मी एकदा म्हटलं, मी रंगाचा हात देऊ का परत? ती म्हणाली, "नको. पाण्यात न जाणारं हवंय."

तो चेहरा सुंदर नाही. खरं म्हणजे तो फारसा तिच्यासारखाही नाही. जबडा रुंद आलाय, ओठ घट्ट मिटलेले. पण आमच्या गव्हाळ, हसऱ्या घराण्यात तोच एक माणूस वाटतो. दादाने फ्रेम करून लावली. आईने भिंतीवर सहन केली, कारण तिच्याकडे आता गोष्ट होती.

ती गोष्ट तेरा वर्षं चालली. मी मध्ये गिरगावात शाळेजवळ खोली घेतली. कारण सांगितलं जाण्यायेण्याचं. चाळ पाडली, ही मंडळी शिवडीला संक्रमण शिबिरात गेली, फ्रेम तिथेही गेली आणि गोष्टही. आईचं कंबरेचं हाड मोडल्यावर दोन वर्षं तिचं सगळं वहिनीने केलं. सगळं म्हणजे सगळं, ज्याला मी शनिवारी येऊन "थकलीस ना गं" एवढंच म्हणायचे. कळशी, पडदा, सगळं कधीच सुटलं होतं; आई तिच्या हातून जेवायची, तिच्याच हातून पाणी प्यायची. आणि तोंड पुसून झालं की समोर बसलेल्याला भिंतीकडे बोट दाखवून सांगायची, हिणाच धुतल्यान. शेवटच्या महिन्यात, परळच्या हॉस्पिटलात, मी ठरवून गेले होते की आज सांगायचं. आई जागी होती. मी तिची उशी सारखी केली, नखं कापली, आणि परत आले.

आई गेली. नवीन इमारतीत अठराव्या मजल्यावर घर मिळालं, ते तिने पाहिलं नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. म्हणाली, आईंना हार घालायचा राहिलाय, केशरी रंग घेऊन या. मी गेले. फ्रेम उघडून कापड डायनिंग टेबलावर पसरलेलं होतं. दादा आत झोपला होता. मी आईच्या गळ्याभोवती झेंडूचा हात दिला. आता माझे केस तीन पांढऱ्या दोऱ्यांत भागणारे राहिले नव्हते. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघी समोरासमोर बसलो. मग ती उठली, इस्त्री लावली, तापू दिली, कापड उलटं केलं, मलमलचा तुकडा ठेवला. आणि इस्त्री माझ्यापुढे धरली.

"घ्या."

मी ती घेतली. धग लागत होती. मी म्हटलं, "तेव्हा मी फिरवली नव्हती."

"माहीत आहे."

"मुद्दाम."

"तेही माहीत आहे. आठ तोंडं राहतात आणि एकच जातं, एवढं गणित मला येतं. त्याला चित्रकलेची परीक्षा द्यावी लागत नाही."

"मग तू बोलली का नाहीस?"

तेव्हा, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, तिने मला पहिल्यांदा तू म्हटलं. "माझं कोण ऐकणार होतं? तू बोलायचंस. मी वाट बघत होते. आईंचं ढुंगण धुताना वाट बघत होते, की ही शनिवारी येईल तेव्हा सांगेल. तू येऊन नखं कापून गेलीस. त्या मरेपर्यंत मला तसंच समजून गेल्या. आता मला सांगतेस? मला तर मोरीतच कळलं होतं."

मी माफी मागितली. ती म्हणाली, इस्त्री फिरव, कापड जळेल.

मी फिरवली. कापड सुलटं केल्यावर तिने पदराचं टोक जिभेवर ओलं केलं आणि माझ्या झेंडूवर घासलं, एकदा, दोनदा. पदर उजेडात धरून बघितला. रंग लागला नव्हता. मग तिने सुई घेतली. दोरा ओवताना एवढंच म्हणाली, की रविवारी काकू नव्या सुनेला घेऊन येतील, ती विचारणारच. तेव्हा कुणी उत्तर द्यायचं ते ठरव.

रविवारी जेवणं झाली. आईचा हार पूर्ण झाला होता, फ्रेम परत भिंतीवर होती. काकू, म्हणजे त्या चित्रातल्या सगळ्यात कडेच्या, सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. सोबत त्यांची नवी सून. सुनेने विचारलं, ह्या एकट्याच धाग्याच्या का? आणि काकूंनी, आईच्या मागे तो वारसा आपल्याकडे आल्यासारखं, सुरू केलं, "अगो, ती मोठी गजाल आसा. हिणा धुतल्यान..."

"काकू, मी घालवला तो," मी म्हटलं. "रंग पक्का करायला इस्त्री फिरवायची असते, ती मी सगळ्यांवर फिरवली आणि वहिनीवर नाही. जाणूनबुजून. धुताना जावा म्हणून. आणि मग तिने घासला म्हणून सांगितलं."

काकूंनी सुनेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मायेने हात हलवला. "जावंदे गो. जुना झाला ता. लहान होतंस."

"अडतीस वर्षांची होते," मी म्हटलं.

"जाऊ द्यायला तुमचं काय गेलं होतं, काकू?" वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. आवाज चढवला नाही. हातात विड्याच्या पानांचं ताट होतं, ते तिने टेबलावर ठेवलं आणि आत गेली.

मी दादाकडे बघितलं. तो वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होता, भिंतीवरच्या, धाग्याच्या. त्याला वाटलं होतं की तो चेहरा हौसेने भरलेला आहे. झालं ते झालं, त्यातूनही बायकोने काहीतरी सुंदर केलं, असं तो लोकांना सांगायचा. तो उठून बाल्कनीत गेला. बऱ्याच वेळाने मी निघाले तेव्हा तिथूनच, मागे न वळता म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

मी हो म्हटलं. चपला घातल्या. त्यानंतर त्याने फोन केलेला नाही. मी केला तर उचलतो, हवापाणी बोलतो आणि वहिनीकडे देतो. वहिनी घेत नाही, म्हणते कामात आहे.

त्या दिवशी लिफ्टपर्यंत ती आली होती. मला वाटलं आता काहीतरी म्हणेल, ज्यावर मला घरी जाता येईल. तिने लिफ्टचं बटण दाबलं आणि म्हणाली, "यापुढे कुणी विचारलं तर मी काही सांगणार नाही. तुझा नंबर देईन."

तिने शब्द पाळला आहे. काकूंच्या सुनेच्या आईचा फोन येऊन गेला. मग अठराव्या मजल्यावरच्याच एका शेजारणीचा, जिला मी ओळखतही नाही. म्हणाली, तुमच्या वहिनींनी सांगितलं की ते तुम्हीच नीट सांगाल. मी खुर्ची ओढून बसले आणि इस्त्रीपासून सुरुवात केली. तिने मध्येच विचारलं, पण का केलंत हो असं? मी म्हटलं, त्यासाठी वाटीपासून सांगावं लागेल. वेळ आहे का तुम्हाला?

ती हो म्हणाली, म्हणून मी सांगितलं.